सामाईक नौका आणि तिचे कागदपत्र : एक ऐतिहासिक विचार

धर्मापुरीच्या आसमंतात ज्याचा जन्म गेला त्याने नौकेच्या मालकीविषयी लेख लिहावा, हे पाहून आमच्या कित्येक ज्ञातिबांधवांस हसू येईल. केदारेश्वराच्या चालुक्यकालीन देवळाच्या सावलीत आणि किल्ल्याच्या पडक्या तटाखाली आमची पिढ्यान् पिढ्या वस्ती. समुद्र आम्ही पाहिला तो मुंबईस गेलो तेव्हा, आणि तोही चौपाटीवरून. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील मुले दूरदेशी स्थायिक झाली, त्यांच्या हाती चार पैसे आले, आणि आपल्या आजोबांनी ज्या वस्तूंची नावेही ऐकली नव्हती अशा वस्तू ती विकत घेऊ लागली. त्यांतीलच एका खरेदीच्या निमित्ताने आम्हांस मध्यस्थ म्हणून बसावे लागले व त्यामुळे या विषयाची जुनी कागदपत्रे व कायदे चाळावे लागले. जे हाती आले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रसंग थोडक्यात असा. मूळचे धर्मापुरीचे तिघे सख्खे भाऊ. थोरले दोघे इंग्लंडात, धाकटा पुण्यास. तिघांनी मिळून एक शिडाची नौका घेतली व ती ग्रीस देशातील एका बंदरात ठेविली. उन्हाळ्याच्या सुटीत तिघांची कुटुंबे आळीपाळीने तेथे जात. नौका थोरल्याच्या नावावर होती, कारण, धाकट्याच्याच शब्दांत सांगावयाचे तर, "दादाचे नाव म्हणजे आमचेच नाव." पुढे थोरला अकस्मात निवर्तला. बंदराच्या कचेरीने मधल्यास विचारले, आपण कोण? त्याने सांगितले, मालकाचा भाऊ व अर्धा मालक. त्यांनी कागद मागितला. कागद नव्हता. नौका धक्क्यास बांधलेली राहिली, भाडे चढत गेले आणि वहिनी व दीर यांच्यात पत्रव्यवहाराचा सूर हळूहळू बदलत गेला.

वस्तुतः आपल्याकडे सामाईक मालकी ही काही नवी गोष्ट नव्हे. उलट या विषयावरील बहुतेक हिंदुस्थानात मान्य झालेला एक महान् ग्रंथ आपल्याच मुलुखात लिहिला गेला. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहावा विक्रमादित्य याने इसवी सन १०७६ ते ११२६ पर्यंत राज्य केले. त्याच्या राजधानीत, म्हणजे हल्लीच्या बसवकल्याणास, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचिली. बसवकल्याण आज बीदर जिल्ह्यात व कर्नाटक राज्यात मोडते. पण १९५६ पर्यंत बीड आणि बीदर हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि विज्ञानेश्वराच्या काळी तर ज्या राजवटीने धर्मापुरीचे देऊळ पाहिले तिचेच ते मुख्य नगर होते. तेव्हा हा ग्रंथ आपल्या शेजारघरचा, असे म्हणावयास हरकत नाही.

‘मिताक्षरा’ म्हटली की लोकांस एकच गोष्ट आठवते : वडिलोपार्जित मिळकतीत मुलास जन्मतःच हक्क उत्पन्न होतो. आठ-नऊशे वर्षे आपली एकत्र कुटुंबे याच सूत्रावर चालली. या मालकीस कागद लागत नाही. जन्म हाच तिचा दस्तऐवज. कोणाचा हिस्सा किती, हे वाटणी होईपर्यंत ठरतही नाही. घरात एक जन्मला की हिस्सा घटतो, एक गेला की वाढतो. कर्ता सर्वांच्या वतीने व्यवहार करतो व त्याचे नाव म्हणजे सर्वांचे नाव असते. पुण्याच्या धाकट्या भावाचे वाक्य येथूनच आले आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

परंतु त्याच ग्रंथात दुसरेही एक प्रकरण आहे, व ते आपण बहुधा उघडून पाहत नाही. त्याचे नाव ‘संभूयसमुत्थान’, म्हणजे अनेकांनी एकत्र येऊन उभारलेला उद्योग. येथे रक्ताचा संबंध गृहीत नाही. लाभासाठी एकत्र आलेल्या व्यापाऱ्यांनी नफा-तोटा आपापल्या भांडवलाच्या प्रमाणात, किंवा आधी जसे ठरले असेल त्या प्रमाणात, वाटून घ्यावा. इतरांनी मना केले असता, अथवा त्यांची संमती नसता, एखाद्याने काही केले व नुकसान झाले तर ते त्याने भरून द्यावे; हयगयीने झालेले नुकसानही त्यानेच सोसावे. उलट संकटातून ज्याने सामाईक माल वाचविला त्यास दहावा भाग अधिक मिळावा. कपटाने वागणाऱ्यास नफा न देता काढून टाकावे. आणि आमच्या विषयास सर्वांत निकटचा नियम असा की, भागीदारांपैकी कोणी परदेशी मरण पावला तर त्याचे द्रव्य त्याच्या दायादांनी, बांधवांनी किंवा ज्ञातींनी घ्यावे, ते नसल्यास बरोबर गेलेल्या व परत आलेल्या सोबत्यांनी, आणि कोणीच नसल्यास राजाने. परदेशी मेलेल्या भागीदाराची मिळकत कोणाची, हा प्रश्न ग्रीसच्या बंदरात प्रथम उपस्थित झाला नाही, हे यावरून दिसते. समुद्रावर जाणाऱ्यास दिलेल्या कर्जाचे व्याजही स्मृतिकारांनी निराळे ठेविले आहे : तारण असलेल्या कर्जास दरमहा शेकडा सव्वा, अरण्यातून जाणाऱ्यास शेकडा दहा, आणि समुद्रगामी व्यापाऱ्यास शेकडा वीस. मुद्दलच बुडण्याचा संभव असल्यामुळे हा दर एवढा चढा ठेविला, हे उघड आहे.

एकाच ग्रंथात या दोन मालकी शेजारी शेजारी आहेत : एक जन्माने येणारी, दुसरी कराराने येणारी. प्राचीनांनी त्यांची दोन प्रकरणे केली. आपण मात्र घरातल्या घरात करार करावयाचा म्हटला की संकोचतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या वस्तूस पहिल्या प्रकारचा नियम लावतो. शेतात ते एक वेळ निभते, कारण शेत गावात असते, तलाठी ओळखीचा असतो आणि कोणी कोणती ताल बांधली हे चार म्हाताऱ्यांस ठाऊक असते. परमुलुखात ठेवलेल्या नौकेस असा शेजार नसतो.

हिस्से मोजण्याची आपली जुनी पद्धतही येथे सांगितली पाहिजे. वतन असो, विहीर असो, आमराई असो, हिस्सा आण्यांत बोलला जाई. सोळा आणे म्हणजे पूर्ण वस्तू. कोणाचा आठ आणे, कोणाचा चार. याहून बारीक हिस्सा झाला तर तो पैशांत. आण्याचे चार पैसे, म्हणून सोळा आण्यांचे चौसष्ट पैसे होत. कोकणकिनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांतही हाच हिशेब निराळ्या नावाने चालत आला आहे. आलेल्या मासळीतून होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा आणि खलाशांचे वाटे काढावयाचे. होडीत ज्याची जेवढी पत्ती, त्यास होडीच्या वाट्यातून तेवढे मिळावयाचे. हा सगळा व्यवहार पुष्कळदा तोंडीच असे, कारण होडी रोज संध्याकाळी सर्व पत्तीदारांच्या डोळ्यांदेखत किनाऱ्यास लागत असे.

होडी दृष्टीआड गेली की कागद आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर आपला अंमल बसविला तेव्हा त्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यात जहाजाचे नाव, नाखुद्याचे नाव, जहाजाचे आकारमान, वरील हत्यारे, कोठून कोठे जाणार हे सर्व लिहिलेले असे. हा कागद जवळ नसलेले जहाज ते पकडीत व माल जप्त करीत. अहमदनगरचा निजामशहा, ज्याच्या राज्यात त्या काळी बीड होते, त्याच्याही जहाजांस हे परवाने घ्यावे लागत. स्वतःच्या बंदरातून स्वतःचे जहाज हाकण्यास परक्याची चिठ्ठी! हा जुलूम होता यात संशय नाही. तरीही एक गोष्ट तेव्हापासून रूढ झाली : समुद्रावर मनुष्याची ओळख त्याच्या मुखावरून न होता जहाजाच्या कागदावरून होते.

आधुनिक काळात या कागदास पूर्ण स्वरूप दिले ते इंग्रजांनी. त्यांचा १८९४ चा व्यापारी नौकानयनाचा कायदा पुढे कित्येक देशांच्या कायद्यांचा मूळ नमुना ठरला. त्यात नौकेची मालकी ६४ हिश्शांत विभागली आहे. पूर्णाचे अर्धे, अर्ध्याचे पाव, असे सहा वेळा निमपट केले की चौसष्टावा भाग येतो. सोळा आण्यांच्या चौसष्ट पैशांत हिशेब करणाऱ्या आपल्या एखाद्या जुन्या मुनीमास हा कायदा दाखविला असता तर त्याने तो क्षणात समजून घेतला असता. एका नौकेच्या नोंदवहीत ६४ हून अधिक व्यक्तींची नावे मालक म्हणून येऊ शकत नाहीत. हिश्शाचा अपूर्णांक नोंदविता येत नाही. मात्र एक हिस्सा पाच जणांपर्यंत संयुक्तपणे धारण करता येतो, व त्या पाचांस एकच मालक समजतात.

या कायद्यातील चार-दोन कलमे आम्हांस विशेष बोधप्रद वाटली. नौकेचा हिस्सा दुसऱ्यास द्यावयाचा तर साक्षीदारासमक्ष ठराविक नमुन्यात विक्रीखत करावे लागते, व ते नोंदवहीत चढवावे लागते. गहाण असेल तर तेही नोंदवावे. दोन गहाणे असल्यास ज्याची नोंद आधी त्याचा हक्क आधी, मग कागदावरची तारीख काही असो. नौकेचे नाव नाळेच्या दोन्ही अंगांस रंगवावे. नाव आणि नोंदणीचे बंदर वरामावर लिहावे. आणि नोंदणीचा अंक मुख्य तुळईवर कोरावा, म्हणजे रंग खरवडून ओळख पुसता येऊ नये. नोंदणीचा दाखला हा जलप्रवासासाठी आहे. तो कोणास अडवून ठेवता येत नाही व कोणाकडे गहाण टाकता येत नाही. पुष्कळ लोक दाखल्यासच मालकीचा पुरावा समजतात, पण खरी मालकी नोंदवहीत असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे कलम हे की, नोंदवहीत कोणत्याही प्रकारच्या विश्वस्ताची नोंद घेतली जात नाही. अमुक मनुष्य हा अमक्या-अमक्याच्या वतीने मालक आहे, असे तेथे लिहिता येत नाही. वहीत ज्याचे नाव तो मालक. आपसांतील हक्क आपसांत कोर्टात मागता येतात. पण वहीस ते दिसत नाहीत. ‘दादाचे नाव म्हणजे आमचेच नाव’ हे वाक्य त्या वहीच्या भाषेत लिहिताच येत नाही.

सहमालकांविषयी इंग्रजी सागरी न्यायालयांनी जे नियम घडविले तेही मौजेचे आहेत. नौकेचे हिस्सेदार हे केवळ हिस्सेदार असल्यामुळे भागीदार होत नाहीत. एकाने आपला हिस्सा विकला तर इतरांची परवानगी लागत नाही, आणि एकाने कर्ज काढले तर ते इतरांवर आपोआप पडत नाही. नौका कोठे पाठवावी याविषयी मतभेद झाल्यास बहुमताचे चालते. परंतु अल्पमतवाल्यास न्यायालयात जाऊन अशी हमी मागता येते की, नौका सुखरूप परत न आल्यास त्याच्या हिश्शाचे मोल त्यास मिळेल. हमी मिळेपर्यंत नौका बंदरात अडकून पडते. आपल्या एकत्र कुटुंबात अल्पमतवाल्यास अशी सोय असती तर किती घरे वेळेवर शहाणी झाली असती, असा एक विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही, असो.

पुढे नौका मोठ्या झाल्या, भांडवल वाढले, आणि चौसष्ट हिस्से अपुरे पडू लागले. तेव्हा मर्यादित जबाबदारीची कंपनी आली. वहीत नाव एकाच कंपनीचे, आणि कंपनीचे भागधारक हजारो. आपल्या देशात या युक्तीने परदेशी बोट विकत घेण्याचे एक धाडसी उदाहरण तुतिकोरिन येथे घडले. व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. भाग अवघ्या पंचवीस रुपयांचा ठेविला, म्हणजे साधारण गृहस्थासही तो घेता यावा. भाग खपविण्यासाठी ते मुंबईपर्यंत आले. ‘गॅलिया’ नावाची बोट फ्रान्समधून आली. १९०८ साली चिदंबरम् यांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडून जबर शिक्षा देण्यात आली व काही वर्षांतच कंपनी मोडली.

मुंबईत याहून टिकाऊ प्रयत्न झाला. आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद, तसेच नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांनी २७ मार्च १९१९ रोजी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. त्यांची पहिली बोट ‘लॉयल्टी’. तिची वंशावळच पाहण्यासारखी आहे. इंग्लंडात बॅरो येथे ती बांधली गेली. १८९१ पासून ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ती कॅनडाच्या एका कंपनीसाठी प्रशांत महासागरात चालली. १९१४ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेऊन महायुद्धात रुग्णालयाची बोट म्हणून दिली, तेव्हा तिचे नाव ‘लॉयल्टी’ झाले. आणि युद्ध संपल्यावर ती या चौघांच्या कंपनीकडे आली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. १९६४ पासून तोच दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोट जुनी झालेली होती. १९२१ साली ती मुंबईस नुसती उभी राहिली व १९२३ मध्ये मोडीत निघाली. पण बोट गेली तरी कंपनी गेली नाही, कारण भागधारकांचा हक्क बोटीवर नव्हता, कंपनीवर होता. ‘लॉयल्टी’ ही चौघा मित्रांपैकी एकाच्या नावावर असती तर तिच्याबरोबर मैत्रीही मोडीत निघाली असती की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

येथे एक गोष्ट आमच्या मराठवाड्याच्या वाचकांसाठी मुद्दाम नमूद करतो. १८९४ च्या कायद्याच्या पहिल्याच कलमात ब्रिटिश नौकेचे मालक कोण होऊ शकतात ते सांगितले आहे : ब्रिटिश प्रजाजन, आणि ब्रिटिश मुलुखात स्थापन होऊन तेथेच मुख्य कचेरी असलेल्या कंपन्या. आमचे आजोबा निजामाचे प्रजाजन. कलमाचा शब्द धरला तर चौसष्टांपैकी एका हिश्शावरही त्यांचे नाव चढणे कठीण. परंतु मुंबईच्या कंपनीचा भाग त्यांनी खुशाल घ्यावा, त्यास हे कलम आड येत नव्हते. म्हणजे धर्मापुरीच्या मनुष्यास बोटीचा मालक होण्याचा सरळ मार्ग सप्टेंबर १९४८ पर्यंत कंपनीच्या दारातूनच जात होता. स्वतंत्र भारताने १९५८ साली आपला नौकानयनाचा कायदा केला तेव्हा चौसष्ट हिस्से जाऊन दहा आले. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १९५७ मध्ये, रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले होते. हा योगायोग असेल. पण जुन्या मुनीमास दोन्ही बदल एकदमच सोसावे लागले.

आता ग्रीसमधील नौकेकडे परत येतो. ती ब्रिटनच्या लहान नौकांच्या नोंदवहीत नोंदलेली होती. ही वही १९८३ पासूनची, स्वस्त व सुटसुटीत. परंतु ती मालकीचा पुरावा देत नाही, हिस्से लिहून घेत नाही आणि गहाणही नोंदवीत नाही. चौसष्ट हिश्शांची जुनी वही ब्रिटनमध्ये अजून आहे. तीत नाव घालावयास मोजणी, विक्रीखते, असा खटाटोप पडतो, म्हणून भावांनी ती टाळली होती. शिवाय ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर नौका ३१ डिसेंबर २०२० रोजी कोठे होती व तिच्यावरील कर कोठे भरला, याचे पुरावे महत्त्वाचे ठरले. ते नसतील तर संघाबाहेरच्या रहिवाशाची नौका परकी समजली जाते व अठरा महिन्यांहून अधिक काळ कर न भरता तेथे ठेवता येत नाही. कराची मूळ पावती थोरल्याच्या कपाटात होती, आणि ते कपाट कोणी उघडावे हाच वाद होता.

पैशांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा निघाला. ठरले होते असे : थोरल्याचे आठ आणे, मधल्याचे चार, धाकट्याचे चार. मधल्याने आपली रक्कम बँकेतून पाठविली होती, तिची नोंद सापडली. धाकट्याने मात्र इंग्लंडास एक पैसाही पाठविला नव्हता. त्याऐवजी धर्मापुरीच्या वडिलोपार्जित घराची माळवदे उतरवून नवा स्लॅब घालण्याचा सर्व खर्च त्याने केला, आणि त्यातील थोरल्याच्या वाट्याचा खर्च नौकेतील त्याची पत्ती म्हणून धरावा, असे दोघांत फोनवर ठरले. म्हणजे जन्माने आलेल्या मिळकतीचा खर्च कराराने घेतलेल्या वस्तूत वळता केला गेला. विज्ञानेश्वराची दोन प्रकरणे एका फोनवर एकत्र झाली! वहिनींस हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसल्याबद्दल त्यांस दोष देता येत नाही. त्यांच्या दृष्टीने एक दीर काही न देता हिस्सा मागत होता.

हे बोलणे ऐकलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे तिघांची आई. दिवाळीनंतर सर्वजण धर्मापुरीस जमले तेव्हा आम्हीही गेलो. मातोश्रींनी गवंड्याचा हिशेब लिहिलेली वही काढली. तीत एका पानावर थोरल्याच्या नावापुढे एक रकम लिहून, शेजारी "नावेत वळती" असे दोनच शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले होते. वहिनींनी ते वाचले, वही मिटली आणि म्हणाल्या, "आत्या, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मातोश्री म्हणाल्या, "मला वाटलं, घरातलंच आहे."

त्या संध्याकाळी त्याच घरात कागद झाला. वहिनींनी वारस म्हणून इंग्लंडातील कोर्टाचा अधिकार मिळवावयाचा. तो मिळताच रीतसर विक्रीखते करून नौका चौसष्ट हिश्शांच्या वहीत चढवावयाची. त्यांपैकी ३२ हिस्से वहिनींच्या नावे आणि १६-१६ दोघा दिरांच्या नावे. चढलेले भाडे त्याच प्रमाणात भरावयाचे. कोणास बाहेर पडावयाचे झाल्यास हिस्सा प्रथम उरलेल्यांस देऊ करावयाचा, किंमत तिऱ्हाईताकडून ठरवावयाची, आणि कोणी निवर्तल्यास त्याच्या वारसांनी सहा महिन्यांच्या आत काय ते कळवावयाचे. मराठी मसुदा आम्ही लिहिला, इंग्रजी मधल्याने केला. मातोश्रींची सही साक्षीदार म्हणून घेतली, आणि गवंड्याच्या वहीतील त्या पानाची नक्कल कागदास जोडली.